होळीच्या रात्री जन्मलेल्या आईचा वयाचा पुरावा

प्रश्न : ताई, माझी आई देवगड तालुक्यातली. 1955 साली घरीच, सुईणीच्या हातून जन्मली. तारीख विचारली की 'होळी उभी केली त्या रात्री' एवढंच सांगते. आधारवर मात्र 1962 साल पडलंय. श्रावणबाळ या निराधार वृद्धांच्या पेन्शन योजनेचा अर्ज जन्मदाखला नाही म्हणून परत आला. एक गृहस्थ 1 जानेवारी 1955 घालून प्रतिज्ञापत्र करून देतो म्हणतात. करू का?

उत्तर : नका करू. आईची जन्मतारीख कुणी मनाने ठरवायची नाही. पुढे खरा कागद सापडला, तर हाच खोटा कागद आडवा येईल.

मी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये चोवीस वर्षं काढली. जन्मदाखला नाही म्हणून रडवेल्या होऊन परतणाऱ्या बाया पाहिल्यात, म्हणून कळकळीने सांगते : या योजनेला जन्मदाखलाच हवा असं नाही. वय 65 पूर्ण असल्याचा पुरावा हवा. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डातल्या किंवा मतदार यादीतल्या वयाचा उतारा, नाहीतर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखलाही चालतो. अर्ज परत केला असेल तर कारण लेखी मागा.

तरी आधारवरचं 1962 आड येणारच. ती तारीख साधारण एकदाच बदलून मिळते, म्हणून आधी जुना कागद शोधा. आई दुसरीपर्यंत जरी शाळेत गेली असेल, तर जनरल रजिस्टरमध्ये माहेरच्या नावाने नोंद असेल. तारीख 1 जून दिसली तर गोंधळू नका. गुरुजी तेव्हा सर्रास तीच लिहीत.

मग तहसीलमध्ये गाव नमुना 14 काढायला सांगा. ही गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, आपण तिला कोतवाल बुक म्हणतो. बाळाचं नाव बहुधा नसतंच, वडिलांच्या नावापुढे नुसतं 'मुलगी' असतं. जिल्हा रत्नागिरी लिहिलेला असेल, कारण सिंधुदुर्ग 1 मे 1981 ला वेगळा झाला. होळीची आठवण इथे कामाला येते : फेब्रुवारी-मार्चची पानं आधी बघा. आमच्या दमट हवेत कागदांना कसर लागते, पानं फाटतात. सापडलं नाही तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या. तो हाती असला की उशिराच्या जन्मनोंदीसाठी अर्ज करता येतो. 2023 च्या दुरुस्तीनंतर तो आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात.

माहेरचं नि सासरचं नाव एकाच बाईचं आहे, एवढं प्रतिज्ञापत्र जरूर करा. ते खरं आहे.

आणि आई आजीचं पहिलं मूल का, हे विचारा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तसं असेल तर नोंद आजीच्या माहेरगावी असणार, तुमच्या आजोळी नव्हे. आजीच्या माहेरचं गाव, वाडी आणि आजोबांचं पूर्ण नाव लिहून घेऊनच तहसीलला जा.