न वापरलेला पेनड्राइव्ह बिघडतो कसा?

प्रश्न : वडिलांच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग २०१३ साली १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन तो देवघराच्या खणात ठेवला. त्यानंतर हातही लावला नाही. परवा वर्षश्राद्धाला संगणकाला लावला, तर ‘आधी फॉरमॅट करा’ असं येतं. वापरलाच नाही, तर झिजला कसा?
– एक वाचक, मिरज

उत्तर : फॉरमॅट केलं नाहीत ना? मग अजून आशा आहे. आता तो पुन्हा पुन्हा लावून बघू नका. ‘दुरुस्त करू का’ असं संगणकानं विचारलं, तरी नकोच म्हणा.

तुमचा पेनड्राइव्ह झिजलेला नाही, झिरपलाय. आतल्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येकात थोडा विद्युतभार कोंडलेला असतो. माठातून पाणी पाझरावं तसा तो वर्षानुवर्षं हळूहळू निसटतो. उष्णता असेल तर भरभर. २०००च्या सुमारास पहिले पेनड्राइव्ह आले ते ८ एमबीचे. तेव्हा एका कप्प्यात एकच बिट, म्हणजे भार आहे की नाही एवढंच ओळखायचं. आता स्वस्त मालात एका कप्प्यात तीन बिट कोंबतात, त्यासाठी भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. जरासा भार गळला की आठाचा सात वाचला जातो. झीज होते ती लिहिण्या-पुसण्यानं. जुन्या एक-बिट चिपा लाखभर वेळा पुसून लिहिता यायच्या, तीन-बिट चिपांचा हिशेब साधारण हजारात. पाकिटावर यातलं काही छापत नाहीत, छापतात ते फक्त जीबी.

माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकानं मुंजीचा व्हिडिओ आणला होता. पेनड्राइव्ह दोन उन्हाळे गाडीच्या स्टीरिओलाच खोचलेला. मातृभोजनापर्यंत चित्र स्वच्छ, पुढे बटूच्या चेहऱ्याचे हिरवे-गुलाबी चौकोन.

तुमच्या बाबतीत कदाचित फक्त फायलींची यादी खराब झाली असेल आणि भजनं जागच्या जागी असतील. जाणकाराकडून लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमनं आधी अख्ख्या पेनड्राइव्हची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढून घ्या आणि मग त्या इमेजवर फोटोरेक हा हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम चालवा. नाव फोटोचं असलं तरी तो एमपी३ही शोधतो, आणि फुकट आहे. मात्र फायलींची मूळ नावं परत येत नाहीत, कुठला अभंग कुठला ते ऐकूनच ठरवावं लागेल. पेनड्राइव्हची क्षमताच शून्य दिसत असेल, तर कंट्रोलर, म्हणजे मेमरीचा कारभार बघणारी चिप, गेला असण्याची शक्यता जास्त. मग काम खर्चिक, आणि मेमरी आणि कंट्रोलर एकाच तुकड्यात असलेल्या नखाएवढ्या पेनड्राइव्हचं तर फारच किचकट.

जे मिळेल ते हार्ड डिस्कवर ठेवा, शिवाय एक प्रत बहिणीकडे किंवा मुलाकडे, दुसऱ्या घरात.

आणि हे सगळं करण्याआधी मंडळातल्या पेटीवाल्यांना, तबलजींना एक फोन करा. मेमरी कार्डावर नाहीतर सीडीवर कुणीतरी प्रत घेतलेली असते. माझ्याकडची अशी दोन कामं फोनवरच मिटली; एक सीडी तर टाळांच्या पिशवीत निघाली.