पगारासाठी आलो, असं म्हणालो

मावशी, सलाम. मी सोलापूरचा, वय 29, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेला. दीड वर्षापासून जपानमध्ये ओसाकाला एका वृद्धाश्रमात केअरगिव्हर आहे. निघताना आमच्या चर्चच्या मंडळीने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि 'आमचा मिशनरी' म्हणून पाठवलं. मंडळीचा पैसा घ्यायचा नाही, स्वतः कमवायचं आणि सुवार्ता सांगायची, हे माझंच ठरलं होतं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली, ते डोक्यात होतं. आता दर महिन्याला ग्रुपवर विचारतात, किती जणांशी बोललास, किती आले? उत्तर शून्य. रात्रपाळ्या असतात, रविवारीही ड्युटी लागते. बहिणीच्या लग्नासाठी पप्पांना महिन्याला 40 हजार पाठवतो. परवा चहाच्या सुट्टीत बरोबरच्या बाईंनी विचारलं, एवढ्या लांब का आलास? मी म्हणालो, पगारासाठी. कोंबडा आरवल्यासारखं झालं. नोकरी सोडून मंडळीकडे मदत मागू की सोलापूरला परत येऊ? आणि एक. स्मृतिभ्रंश झालेल्या एका आजींची कूस बदलताना मी आपली मराठी गीतं गुणगुणतो. त्या माझा हात सोडत नाहीत. यात काही चुकतंय का?
– ओसाकातला सोलापूरकर

बाळा, सलाम.

आधी त्या कोंबड्याचं बघू. येशूला पकडल्यावर त्याचा शिष्य पेत्र म्हणाला होता, 'मी त्या माणसाला ओळखत नाही,' आणि तेवढ्यात कोंबडा आरवला. तू म्हणालास, पगारासाठी आलो. पगार खरा आहे, तो बहिणीच्या लग्नाला जातोय हेही खरं आहे. तू नाकारलं काही नाहीस, अर्धंच सांगितलंस. उरलेलं अर्धं पुढच्या चहाला सांग: मी ख्रिस्ती आहे, जमेल त्या रविवारी चर्चला जातो, ज्यांना प्रार्थना हवी असेल त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. एवढं जपानीत नीट पाठ कर. तेवढ्याने कोणी तुला हाकलणार नाही. एका माणसाकडे एक ओळख आणि मंडळीच्या ग्रुपवर दुसरी, हे ओझं तुला रात्रपाळीपेक्षा जड झालंय, असं पत्र वाचून मला वाटलं.

माझे आजोबा इथल्याच एका गिरणीत मागावर होते. संध्याकाळी वस्तीत मुलांना अक्षरं शिकवायचे, रविवारी उपदेश करायचे, बिनपगारी. एकदा पाळी चालू असतानाच खिशातली पत्रकं काढून वाटायला लागले. जॉबरने, म्हणजे मुकादमाने, पाहिलं आणि सगळ्यांसमोर झापलं. घरी येऊन आजोबा म्हणाले, "आज माझा छळ झाला." आजी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "छळ कसला? जॉबरचं बराबर हाय. तिकडं धागा तुटल्यावर काय प्रार्थना करून जोडणार व्हता का?" त्यानंतर आजोबांनी पाळीत पत्रक काढलं नाही. पण खात्यात कोणाच्या घरी आजारपण आलं की ते लोक आजोबांनाच बोलवायचे. त्यात ख्रिस्ती किती होते? आम्ही सोडून कोणी नाही.

बायबलमधला प्रेषित पौल माझ्या आजोबांच्याच जातकुळीतला, कामकरी. राहुट्या करायचा धंदा. करिंथमध्ये तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून काम करू लागला. ते दोघंही त्याच धंद्यातले, आणि रोमी बादशहा क्लौद्यने यहुद्यांना रोमातून घालवलं म्हणून नुकतेच तिथे आलेले. परक्या शहरात आधी त्याने आपल्या हाताला ओळखणारं घर शोधलं, हे बघ. करिंथात तो दीड वर्ष राहिला, तू ओसाकात आहेस तेवढाच. दुसरी गोष्ट आपल्याकडे उपदेशात फारशी कोणी सांगत नाही. थेस्सलनीकाकरांना तो लिहितो, तुमच्यावर भार नको म्हणून आम्ही रात्रंदिवस काम केलं. आणि फिलिप्पैकरांना लिहितो, थेस्सलनीकात असताना तुम्ही एकदा नाही, दोनदा माझी गरज भागवलीत. एकच माणूस, एकच गाव. म्हणजे हातांनी कमावणाऱ्यालाही कधी कधी दुसऱ्याचा हात लागतो, आणि तो घेतला म्हणून कमीपणा येत नाही.

टिळकांचं म्हणशील तर त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर ती नोकरी सोडली, आणि घरात पत्नी लक्ष्मीबाई होत्या. तुझ्या खोलीत भात लावायलाही दुसरं कोणी नाही.

आता नोकरी सोडायचं. सोडू नकोस. मुळात तुझा व्हिसा केअरगिव्हरच्या कामाचा आहे आणि तो त्या कामावरच टिकतो. कारण नसताना तीन महिने काम केलं नाहीस तर मुक्कामाचा परवाना रद्द होऊ शकतो. धर्मकार्यासाठी जपानमध्ये वेगळा परवाना असतो, बाहेरच्या धर्मसंस्थेने पाठवलेल्यांना तो मिळतो. मंडळीच्या मदतीवर जगत तुझ्या आजच्या कागदावर राहायचं, असा मधला मार्ग नाही. सुट्टीच्या दिवशी, पैसे न घेता उपासनेत भाग घेणं वेगळं. उद्या तिथल्या एखाद्या मंडळीने मानधन देऊ केलं तर घेण्याआधी इमिग्रेशनच्या खिडकीवर जाऊन विचार.

नोकरीला मुखवटा समजू नकोस, हे मी व्हिसापेक्षा जास्त आग्रहाने सांगते. आतून मिशनरी आणि वरून कामगार असं मनात ठेवलं की माणूस बेडपॅन बदलतानाही घड्याळाकडे बघतो. तुझे म्हातारे ते ओळखतात, त्यांना नाव आठवत नसलं तरी.

मंडळीच्या अहवालाचं तुलाच काहीतरी करावं लागेल. पाळकसाहेबांना ग्रुपवर नको, स्वतंत्र फोन कर. सांग की आकडा देणार नाही, चार ओळींचं पत्र देईन. एक वाक्य मात्र जरूर सांग. जपानमध्ये 1614 च्या बंदीनंतर ख्रिस्ती लोक अडीचशे वर्षं लपून राहिले, पाद्री नाही, चर्च नाही, आणि 1865 मध्ये नागासाकीत एका फ्रेंच पाद्र्यापुढे येऊन त्यांनी हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. बंदीच्या पाट्या निघाल्या त्या 1873 मध्ये. त्या देशाकडून दीड वर्षात आकडा मागणं म्हणजे ज्वारी पेरल्याच्या आठवड्यात हुरड्याला पाहुणे बोलावणं.

मंडळीकडे पैसे मागू नकोस, पण दुसरं काही माग. कोणीतरी दोघांनी महिन्यातून एकदा तुझ्या घरी जाऊन आई-पप्पांबरोबर बसावं. तू तिकडे गेल्यापासून त्यांच्याकडे कोण जातं? पत्रात तू आईचा उल्लेखही केला नाहीस.

पप्पांना 40 हजारांबद्दल स्पष्ट विचार, लग्नानंतरही एवढेच का? तारीख आणि रक्कम दोन्ही बोलून घे. सोलापुरात लग्न झालं की लगेच घराचा वरचा मजला निघतो, मला माहीत आहे. तुझा व्हिसा कुशल कामगारांच्या परवान्यातल्या पहिल्या टप्प्याचा असणार, म्हणजे सगळी मिळून पाच वर्षं, आणि त्यावर बायकोला नेता येत नाही. पप्पा स्थळं बघत असतील तर हे त्यांना आत्ताच कळू दे, त्या मुलीला नंतर कळायला नको.

रविवारचं असं कर. पुढच्या महिन्याचं ड्युटीचं वेळापत्रक लागण्याआधी बहुतेक ठिकाणी सुट्टीची पसंती विचारतात. महिन्यात दोन रविवार माग, त्याच्या बदल्यात नववर्षाची रात्रपाळी घे, ती कोणालाच नको असते. त्या दोन रविवारी एकाच मंडळीत जा, छोटी असली तरी चालेल, जपानी लोकांची असली तर उत्तम. उपदेश करू नकोस, खुर्च्या लाव. भाषा तिथेच येईल. आपल्या भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे ना? तो सोलापूरचा मुलगा 1938 मध्ये चीनला गेला आणि चिनी शिकून त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागला. 32 व्या वर्षी वारला. तुझ्याकडे वेळ आहे, आणि तुला फक्त ताप बघायचा नाही, बोलायचंय.

दोन वर्षांनी थकलास तर परत ये. कोणाला पाठ दाखवली असं होणार नाही. पण आत्ता, शून्याच्या लाजेने येऊ नकोस.

आता त्या आजी. ज्या माणसाला उठून खोलीबाहेर जाता येत नाही त्याला सुवार्ता सांगू नये, असं माझं मत आहे. माझ्या आजोबांच्या जॉबरचंही तेच असतं. पण गुणगुणणं म्हणजे उपदेश नव्हे, हात धरणं तर नाहीच. तरी लपून करू नकोस. सकाळी पाळी बदलताना तुमच्या मुख्य नर्सला सांग, मी माझ्या भाषेतलं प्रार्थनेचं गाणं म्हणतो, आजी शांत होतात, चालेल का? आजींच्या मुलीलाही विचारायला सांग. नाही म्हणाल्या तर नुसता हात धर. हो म्हणाल्या तर म्हण, आवाज मात्र बारीक ठेव, शेजारच्या खोल्यांतली माणसं झोपलेली असतात.

– मावशी