बाबांसाठी स्टेम सेल करावं का?

प्रश्न : बाबांना आठ महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात, बोटं थोडी उघडतात पण कप धरवत नाही. एका क्लिनिकमध्ये म्हणाले कमरेच्या हाडातून मॅरो काढून स्टेम सेल देऊ, फरक नक्की पडेल. आई एफडी मोडायला निघालीय. काय करू?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, एफडी मोडू देऊ नका, आधी हेच सांगते. स्ट्रोकच्या, म्हणजे पॅरालिसिसच्या अटॅकच्या, पेशंटला त्याच्याच मॅरोतल्या (हाडाच्या आतल्या मगजातल्या) पेशी सलाइनसारख्या शिरेतून द्यायचा प्रयोग आपल्याच देशात झालाय, एम्सच्या डॉक्टरांनी पाच सेंटरमध्ये मिळून १२० पेशंटवर केला आणि २०१४ मध्ये निकाल छापला. पेशी दिल्याने त्रास झाला नाही, पण सहा महिन्यांनी बघितलं तर पेशी मिळालेले आणि न मिळालेले सारखेच होते, आणि हे पेशंट तर अटॅकनंतर महिन्याभराच्या आतले होते.

संशोधन अजून चालू आहे आणि ते व्हायलाच हवं. पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे ल्युकेमिया, थॅलेसेमियासारखे रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच द्यायचे, आणि ट्रायलमधल्या पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून क्लिनिकला सरळ विचारा, सीटीआरआय नंबर (ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा नंबर) काय आणि पैसे कशाचे? 'नक्की' हा शब्द स्ट्रोकमध्ये कुठलाच प्रामाणिक डॉक्टर वापरत नाही, घाबरलेल्या घरच्यांना असं सांगतात याचा मला खरंच संताप येतो.

बोटं उघडतायत ना, मग ती मोठी गोष्ट आहे! सहा महिने झाले की सुधारणा संपली असं बरेच जण म्हणतात, ते खरं नाही, वेग कमी होतो एवढंच. अमेरिकेत अटॅकला ३ ते ९ महिने झालेल्या २२२ पेशंटवर अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला. त्यात मनगट आणि बोटं थोडी तरी हलणाऱ्यांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे मिट (बोटं वापरता येऊ नयेत असा जाड मोजा) चढवून सगळी कामं अशक्त हाताने करून घेतली, तर हात वर्षभरानंतरही जास्त चालत होता. बाबांना हे जमेल का ते न्यूरो फिजिओथेरपिस्टला दाखवूनच ठरवा, घरी आपल्या मनाने हात बांधू नका, तोल जाऊन पडतील. एफडीतले पैसे लागलेच तर इथे लागू देत, म्हणजे आठवड्यातून एकदा मसाज करून जाणारा नको, रोज टॉवेल पिळणं, डबा उघडणं, बटण लावणं असं काम करून घेणारा माणूस हवा. उठवताना उजवा हात कधीच ओढू नका, खांदा दुखायला लागू शकतो. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. बाबा गप्प गप्प राहत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, स्ट्रोकनंतर डिप्रेशन खूप जणांना येतं आणि त्याच्यावर औषध आहे.