परीकथा मुलीला बदलून सांगाव्यात का?

सहा वर्षांच्या मुलीला सिंड्रेला, लाल टोपीवाली या गोष्टी आहेत तशा सांगाव्यात, की त्यांतल्या मुली धीट करून सांगाव्यात, असे तुम्ही विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वर अभयारण्याजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या मते अवश्य बदलाव्यात. मात्र बदल नेमका कुठे करायचा, हे आधी पाहावे.

या गोष्टी मुळातच बदलत आलेल्या आहेत. फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये छापलेल्या कथेत लांडगा लाल टोपीवालीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. लोककथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात शिकारी येऊन तिला लांडग्याच्या पोटातून बाहेर काढतो, आणि हाच शेवट सगळीकडे सांगितला जातो. पण ग्रिम यांनी त्याच कथेला आणखी एक शेवट जोडलेला आहे. पुढच्या खेपेला दुसरा लांडगा भेटतो तेव्हा मुलगी वाट सोडत नाही, आजीचे घर गाठून दार लावून घेते, आणि छपरावर दबा धरून बसलेल्या लांडग्याला दोघी मिळून दारापुढच्या दगडी डोणीत बुडवतात. डोणीत सॉसेज (मांसाच्या वळकट्या) शिजवलेले पाणी भरलेले असते, त्याच्या वासाने तो घसरून त्यात पडतो. मी वर्गात हाच शेवट सांगते.

आमच्याकडे जंगल आणि जनावर ही गोष्टीतली कल्पना नाही. मागे ही कथा सांगत असताना तिसरीतली एक मुलगी मध्येच उठून म्हणाली, "बाई, जंगलात लांडगा हाये हे तिच्या मायले मालूम होतं, तं तिले एकटीले कायले धाडलं?" आदल्या दिवशी ती आईबरोबर कापूस वेचायला गेली होती आणि बोंडांच्या टोकांनी तिच्या बोटांवर ओरखडे उठलेले होते. वावरात एकटीने जायचे नसते, हे ती घरी रोज ऐकत होती, म्हणूनच तिला तो प्रश्न सुचला. मी पुस्तक मिटून ठेवले आणि उरलेला तास मुलींनीच ती गोष्ट पुन्हा रचली.

तेव्हापासून मी लांडगा काढून टाकत नाही आणि मुलीच्या हाती तलवारही देत नाही. तलवार दिली की गोष्ट तलवारीची होते, आणि घरी परतलेल्या मुलीजवळ तलवार नसते. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीजवळ तरी कुठे होती? लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा, एवढ्या एका बोलण्यावर तिने वाघाला थोपवले. ही गोष्ट लाल टोपीवालीच्या जोडीने सांगून पाहा, मुली आपणहून दोघींची तुलना करू लागतात.

सिंड्रेलाही वाटते तितकी गप्प नाही. पेरो यांच्या कथेत मोजडी मला बसते का पाहू द्या, असे ती स्वतः म्हणते, त्यावर बहिणी हसतात, आणि मोजडी बसल्यावर ती खिशातून दुसरी काढून पायात घालते. चित्रांच्या पुस्तकांत हे वाक्य बहुधा गळलेले असते आणि राजपुत्र तेवढा उरतो. तुम्ही सांगाल तेव्हा ते वाक्य परत आणा, आणि ते उच्चारण्याआधी थांबून मुलीला विचारा, "आता तू असतीस तर काय म्हणाली असतीस?" उत्तर यायला वेळ लागेल, तोवर पुढे सांगू नका.