बुरूज बांधायचाय, पण बायको नाही म्हणते

प्रश्न : सलाम काकू. मी ३४ वर्षांचा, पुण्यात एका बँकेत आहे. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दीड. वर्षभर झालं, सारखं वाटतंय की नोकरी सोडून पूर्णवेळ प्रभूच्या सेवेत यावं. आमच्या प्रार्थना ग्रुपमधले एक ब्रदर म्हणतात, बायबलमधला लूकचा १४ वा अध्याय वाच, बायकामुलांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही असं प्रभूच म्हणालाय, आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तरी ख्रिस्ती होताना कुठे बायकोला विचारलं होतं? बायको म्हणते होमलोन कोण फेडणार, आणि रडते. राजीनामा टाइप करून ठेवलाय. पाठवू का?

उत्तर : सलाम बाळा. राजीनामा राहू दे तसाच ड्राफ्टमध्ये, आधी आपण बोलू.

तो 'द्वेष' शब्द ऐकून मी पण लग्नाआधी घाबरले होते. पण पवित्र शास्त्रातच त्याचा अर्थ उलगडतो बघ. उत्पत्तीच्या २९ व्या अध्यायात याकोबाचं लेआ या बायकोपेक्षा राहेल या दुसऱ्या बायकोवर जास्त प्रेम होतं असं लिहिलंय आणि लगेच पुढच्या वचनात लेआ नावडती होती असं म्हटलंय, म्हणजे त्यांच्या बोलण्यात कमी प्रेम करणं यालाच द्वेष म्हणायची पद्धत होती. मत्तयाने तीच गोष्ट सरळ लिहिलीय, की जो माझ्यापेक्षा आईबापांवर जास्त प्रीती करतो तो मला योग्य नाही. प्रभू पहिली जागा मागतो, बायकोला रडवत ठेव असं कुठेच सांगत नाही.

आणि त्या ब्रदरना म्हणावं दोन वचनं पुढे वाचा. लगेच बुरूज बांधणाऱ्याची गोष्ट आहे, तो आधी बसतो आणि खर्चाचा हिशोब करतो. मूळ ग्रीकमध्ये हिशोबाला जो शब्द आहे तो खड्यावरून आलाय, म्हणजे खडे मांडून मोजायचं. मला तो 'आधी बसतो' हा भाग फार आवडतो. तू अजून बसलेलाच नाहीस रे, उभ्या उभ्या राजीनामा टाइप केलायस. आणि घरात चार माणसं असताना एकट्याचेच खडे मांडून कसं चालेल?

प्रभूचा शिष्य झालेल्या पेत्र कोळ्याचं उदाहरण घे. जाळी टाकून मागे गेला हे आपण संडेस्कूलपासून ऐकतो, पण मार्कच्या त्याच पहिल्या अध्यायात प्रभू त्याच्या घरी जातो आणि तापाने पडलेल्या त्याच्या सासूला बरं करतो हे विसरतो. पुढे पौल करिंथकरांना लिहितो की केफा बायकोला बरोबर घेऊन फिरतो. केफा म्हणजे हाच पेत्र. म्हणजे जाळी सुटली, बायको सुटली नाही.

आता टिळक. मी नगरची, आमच्याकडे टिळकांची गाणी गातच माणूस मोठा होतो, त्यामुळे त्यांच्याबद्दल कोणी अर्धवट बोललं की मला राहवत नाही. १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला, दोन वर्षं ते आतल्या आत झगडले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातेवाईक गेले, जात गेली, ही किंमत त्यांनी खरीच मोजली. पण बायकोला, लक्ष्मीबाईंना, आधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या कानावर बातमी आली तेव्हा पदरात लहानगा दत्तू, आणि पुढची काही वर्षं नवराबायकोची ताटातूट. ती किंमत कोणी मोजली? जिला कोणी विचारलंच नव्हतं तिने. टिळकांवर माझं फार प्रेम आहे म्हणूनच हे लिहितेय, त्यांचा विश्वास घ्यावा, ही घाई घेऊ नये. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या तेव्हाही सोवळं पाळतच आल्या, टिळकांनी जबरदस्ती केली नाही, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. नंतर १९१७ ला टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, पण तोवर ते घर १८९५ चं घर राहिलं नव्हतं. टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. स्वतःहून आलेलं माणूस असं शेवटपर्यंत येतं.

आमच्या घरचंही सांगते. हे वर्कशॉपमध्ये नोकरीला होते आणि एक दिवस जेवताना म्हणाले, मला पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचंय. मी म्हटलं नाही. दीड वर्ष नाहीच म्हणत होते. ह्यांनी वाद घातला नाही, वचनं तोंडावर फेकली नाहीत, फक्त दर रविवारी सायकल काढून लांबच्या वस्तीवर उपासना घ्यायला जायचे आणि सोमवारी परत कामावर. एकदा मी पण गेले. एक म्हातारी सकाळपासून अंगण सारवून वाट बघत बसलेली, आमच्यासाठी कपबश्या शेजारून मागून आणलेल्या, त्यातल्या एका कपाला कानच नव्हता आणि तो तिने स्वतःला घेतला. परत येताना कॅरिअरवर बसून मीच म्हटलं, द्या राजीनामा. पुढची तीन वर्षं मानधन कधी यायचं कधी नाही, दुसऱ्या वर्षी माझ्या पाटल्या मोडल्या. पण त्या मी माझ्या हाताने काढून दिल्या बाळा. ह्यांनी दीड वर्षं आधी मागितल्या असत्या तर त्याच पाटल्यांचं मला आजपर्यंत दुःख राहिलं असतं. प्रभूने त्या श्रीमंत तरुणाला पण 'तुझं आहे ते विक' असंच सांगितलं, दुसऱ्याचं नाही.

म्हणून आज रात्री मुलं झोपली की दोघं बसा. हप्ता किती, शाळेची फी किती, तिची भीती नेमकी कशाची, सगळं कागदावर मांडा आणि तू कमी बोल. शनिवार-रविवार सेवेला सुरुवात कर, तिला घेऊन जा. आणि एक उलटी गोष्ट पण सांगते, उद्या ती हो म्हणाली आणि तेव्हा तुझेच पाय लटपटले तर तिचं नाव पुढे करू नकोस, बरीच माणसं तसं करतात.

प्रश्न : काकू, मी एका दुकानात अकाउंट्स बघते. मालक खोटी बिलं बनवून त्यावर माझी सही घेतात. रविवारी चर्चच्या मंडळीत गाते, आणि सोमवारी ही सही. नोकरी गेली तर घरात दुसरी कमाई नाही. नाव छापू नका.

उत्तर : बेटा, तू विचारलंस हेच मला फार मोठं वाटलं. वधस्तंभ रोज उचलायचा असं लूकनेच ९ व्या अध्यायात लिहिलंय, आणि तुझा वधस्तंभ म्हणजे ते पेन आहे. जक्कय नावाच्या जकातदाराने ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत देतो म्हटलं, पण जकातीचं काम सोडतो असं म्हटल्याचं लूक लिहीत नाही. तेव्हा नोकरी आजच सोड असं मी सांगणार नाही, पण सही आजपासून बंद कर. मालकांना एकटं गाठून शांतपणे सांग, साहेब बाकी सगळं काम करते, यावर सही नाही करणार. रागावतील, कदाचित काढतीलही, ते मी लपवत नाही. म्हणून बोलायच्या आधी दोन ठिकाणी अर्ज टाक, आणि आधीच्या सह्यांचं काय करायचं ते ओळखीच्या वकिलाला विचारून ठेव. कुठल्या दिवशी बोलणार ते मला कळव, त्या सकाळी मी आणि हे दोघं तुझं नाव घेऊन प्रार्थनेला बसू.