विंडोज १० संपल्यावर जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरी चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबी हार्ड डिस्क असलेला डेस्कटॉप आहे. विंडोज ११ त्यावर बसत नाही. लिनक्स चालेल का? कोणतं घ्यावं? (एक शिक्षिका, कराड)

चालेल. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागतं. म्हणजे तुमच्या मशीनमध्ये बिघाड काहीच नाही, ते भंगारात काढू नका. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, मिंट हा तिचा एक प्रकार. त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. मिंटची किमान गरज २ जीबी रॅमची असली तरी ४ जीबीला काम सुखाने होतं.

मात्र मशीन कूर्मगतीने चालतं ते बहुधा हार्ड डिस्कमुळे, आणि लिनक्स टाकून हार्ड डिस्कचा वेग वाढत नाही. आधी २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क) बसवा. साटाची डेटा केबल एसएसडीच्या खोक्यात सहसा नसते, ती वेगळी मागून घ्या. पैसे उरले तर रॅम ८ जीबी करा. तुमच्या मशीनला डीडीआर३ लागते. डीडीआर४ ची पट्टी त्या खाचेत बसतच नाही, तेव्हा दुकानात जुनी पट्टी काढून सोबत न्या.

मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत) साधारण ३ जीबीची असते, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवा. उतरवलेल्या फाइलचा एसएचए२५६ आकडा (फाइल बिनचूक उतरली का ते ओळखायची खूण) मिंटच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून बघा. फाइल अर्धवट उतरली असेल तर इन्स्टॉलर मध्येच अडकतो आणि दोष कॉम्प्युटरवर येतो. मग रुफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार करा. नुसती फाइल कॉपी केली तर त्यावरून कॉम्प्युटर सुरू होत नाही. बूट मेन्यूसाठी (कॉम्प्युटर कशावरून सुरू करायचा ते निवडायची यादी) डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून बघा.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झालं की लगेच इन्स्टॉल करू नका. वाय-फाय, आवाज, वेबकॅम आणि प्रिंटर, चारही गोष्टी तिथेच तपासा. या अवस्थेत ते संथ वाटेल, कारण सगळं पेनड्राइव्हवरून वाचलं जात असतं. इन्स्टॉल करताना जुन्या हार्ड डिस्कची केबल चक्क काढून ठेवा. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय चुकीच्या डिस्कवर पडून वर्षांचे फोटो जातात, आणि ते टाळायला केबल काढण्याइतका सोपा आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही. काम झाल्यावर केबल लावा, जुन्या फाइल मिंटमधून दिसतील.

प्रश्न : विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवले आहेत. मिंटमधून डी ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही. शिवाय मिंट वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. (एक वाचक, मिरज)

दोन वेगळी कारणं आहेत. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि ड्राइव्ह आपल्याच ताब्यात असल्याची नोंद ठेवतं. ती नोंद बघून लिनक्स ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं. ते बरोबरच करतं. जबरदस्तीने लिहायला लावण्याचे उपाय सापडतील, ते करू नका, फाइल खराब होतात. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज’ची ओळ, आणि खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ती खूण परत आली नाही ना, हे पाहत जा. घाईत असाल तर ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करून मिंटमध्ये या. रीस्टार्ट करताना विंडोज पूर्ण बंद होतं.

घड्याळाचं गणित साधं आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तेवढाच फरक. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘टाइमडेटसीटीएल’, मग जागा सोडून ‘सेट-लोकल-आरटीसी’, पुन्हा जागा सोडून १, ही आज्ञा रोमन लिपीत द्या. लिनक्स एक इशारा दाखवेल, पण दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्याला हा मार्ग चालतो.

प्रश्न : मराठी कसं टाइप करायचं? आणि आमच्या संस्थेच्या जुन्या वर्ड फाइल लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचात उघडल्या तर नुसती विचित्र चिन्हं दिसतात. (एक वाचनालय, सातारा जिल्हा)

टाइप करणं सोपं. एक्सएफसीईत सेटिंग्ज, कीबोर्ड, ‘लेआउट’ इथे ‘यूज सिस्टम डिफॉल्ट्स’ची खूण काढा, मगच नवा लेआउट जोडता येतो. त्यात मराठीचा उच्चारानुसार चालणारा कागपा फोनेटिक लेआउट आहे, भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण लेआउट इन्स्क्रिप्टही आहे. रोज पानंच्या पानं टाइप करणार असाल तर थोडे दिवस सोसून इन्स्क्रिप्टच शिका. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या त्यात असा येतो: शिफ्टसह जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, मग ई. साधा र घेतला तर ‘दुसर्या’ होतं, आणि ही चूक छापील पत्रिकांतही फार दिसते. मोबाइलसारखं रोमनमधून मराठी हवं असेल तर आयबस आणि एम१७एन ही पॅकेजं टाका आणि एकदा लॉग आउट करून परत या.

लिबरऑफिसमध्ये मराठी अक्षरांचा फाँट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा साठवला जातो. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवडा, आणि रायटरच्या ‘बेसिक फाँट्स (सीटीएल)’मध्ये नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त लावा. हे केलं नाही तर दर नव्या फाइलमध्ये फाँट बदलत बसावं लागतं.

जुन्या फाइलचं दुखणं मात्र लिनक्सचं नाही. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटांतल्या फाइलमध्ये मराठी साठवलेलंच नाही. साठवली आहेत ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची संकेतचिन्हं, फाँट फक्त त्यांना मराठी रूप देतो. फाँट नाही, तर मराठीही नाही. आधी मजकुरावर क्लिक करून फाँटच्या चौकटीत नाव बघा. फाँट मशीनवर नसला तरी नाव तिरप्या अक्षरांत दिसतं, ते लिहून घ्या. संस्थेने फाँट विकत घेतलेला असेल तर त्याची फाइल घरच्या फोल्डरमधल्या ‘.फाँट्स’ या लपलेल्या फोल्डरमध्ये (नाव रोमनमध्ये) ठेवा, मजकूर वाचता येईल. पण शोधता येणार नाही, आणि वाचनालयाच्या यादीत शोधता न येणं म्हणजे यादी नसल्यासारखंच. म्हणून युनिकोडमध्ये (अक्षरं साठवायच्या जागतिक संकेतपद्धतीत) रूपांतर कराच. प्रत्येक फाँटकुटुंबाचा नकाशा वेगळा, त्यामुळे परिवर्तकात नेमकं कुटुंब निवडा. पहिल्या दोन पानांत ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, गडबड होते ती तिथेच. मूळ फाइल पुसू नका.

प्रश्न : एचपी लेझरजेट १०२० मिंटवर चालत होता, अपडेटनंतर छपाईचं काम जातं पण कागद येत नाही. (एक झेरॉक्स दुकानदार, लातूर)

या प्रिंटरमध्ये त्याचा फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) कायमचा साठत नाही, दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने तो पाठवावा लागतो. लिनक्सवर हे काम एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हर-संचाचं प्लगइन (जोडप्रोग्रॅम) करतं, आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. अपडेटमध्ये एचपीलिप पुढे गेलं, प्लगइन मागे राहिलं. इंटरनेट चालू ठेवून टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा रोमनमध्ये द्या, ते नवं प्लगइन उतरवून घेईल. मग प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा. थोड्या वेळाने त्याची मोटर फिरल्याचा आवाज आला की फर्मवेअर पोचला.

दुकानाचं मशीन आहे, म्हणून मोठ्या अपडेटआधी ‘टाइमशिफ्ट’ने प्रणालीची प्रत घेत चला. तुमच्या स्वतःच्या फाइल त्यात मुळात येत नाहीत, त्यांची प्रत वेगळी ठेवा. पुढचा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर लिहिलेलं बघून घ्या. त्यांना सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

प्रश्न : टॅली लिनक्सवर चालेल का? (एक व्यापारी, इचलकरंजी)

टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे. वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनावर) चालवण्याच्या खटपटीत धंद्याचा हिशेब घालू नका. एका मशीनवर विंडोज ठेवा, किंवा १६ जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लिनक्सच्या आत दुसरी प्रणाली चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) परवान्याचं विंडोज टाका. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर त्याच्या कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे का आणि तुमच्या पोर्टलवर सही होते का, हे विंडोज काढण्याआधी एकदा खरोखर सही करून पाहा.