सीमेवरचा पत्ता, गावातलं घर

‘वाचकांचे प्रश्न’ या सदरात या वेळी एकाच विषयावरची पत्रं घेतली आहेत. तैनातीवर असलेल्या जवानांसाठी आणि मागे राहिलेल्या त्यांच्या माणसांसाठी नेमकं काय करता येईल, असं अनेकांनी विचारलं आहे.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या ७० मुलींनी गेल्या वर्षी जवानांना राख्या पाठवल्या. पाकिटावर ‘भारतीय सैनिक, लेह-लडाख’ असा पत्ता लिहिला होता. निम्म्याहून जास्त पाकिटं परत आली. काय चुकलं?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : पत्ता चुकला. लष्कराचं टपाल गावाच्या नावाने जात नाही. फील्डवरच्या जवानाचा पत्ता या क्रमाने लिहितात: सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, कंपनी, युनिट, त्याखाली ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय) आणि शेवटी ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. ५६ एपीओचं टपाल दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसातून पुढे जातं, पूर्वेकडचं ९९ एपीओचं कोलकात्यातून. पत्त्यात ठिकाण नसतं, म्हणूनच युनिट हललं तरी पत्र मागोमाग पोचतं. तुम्ही ‘लेह’ लिहिलंत की पाकीट तिथल्या नागरी टपाल कार्यालयात जातं आणि नाव-युनिट काहीच नसल्यामुळे तिथून उलट फिरतं. शिवाय युनिटच्या नावापुढे ठिकाण लिहिणं म्हणजे ते युनिट कुठे आहे हे वाटेतल्या प्रत्येकाला सांगणं. ते कधीही करू नये.

युनिटचा पत्ता इंटरनेटवर शोधू नका. गावातल्या एखाद्या जवानाच्या घरी विचारा, त्याच्यामार्फत युनिटची परवानगी मिळवा आणि ७० राख्यांचं एकच पाकीट कमांडिंग ऑफिसरच्या, म्हणजे युनिटप्रमुखाच्या, हुद्द्याच्या नावे पाठवा. कोणी ओळखीचं नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. हे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं आणि शाळांच्या अशा उपक्रमांना मदत करतं. खासगी कुरियर एपीओच्या पत्त्यावर जात नाही, टपाल खात्याचं स्पीड पोस्टच वापरा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. राखीपौर्णिमेच्या २५ दिवस आधी पाकीट टाका. दुर्गम चौक्यांवर शेवटचा टप्पा हवामान बघूनच होतो.

राखी चपटी, दोऱ्याची घ्या. आरसे, मोठे खडे, धातूची फुलं शिक्क्याखाली चुरतात आणि पाकीट फाडतात. कुंकू चिमूटभर, झिप लावलेल्या छोट्या पिशवीत. अक्षता घालू नका, तांदूळ निसटून पाकिटाला भोकं पाडतात. मिठाई नको. पत्र एका पानाचं, ठळक अक्षरात. मुलीचं नाव आणि शाळेचा पत्ता पुरे, घरचा पत्ता, फोन नंबर, फोटो नको. युनिट मराठा किंवा महार रेजिमेंटचं असेल तर मराठीतून खुशाल लिहू द्या, इतरांना हिंदीतून. ‘तुम्ही कुठे आहात’, ‘किती शत्रू मारले’ हे प्रश्न मुलांना आवर्जून टाळायला सांगा. पावसाने ओढ दिली, विहिरीला पाणी आलं, कबड्डीत शेजारच्या गावाला हरवलं, असल्या बातम्यांचं पत्र जवान खिशात जपून ठेवतो.

प्रश्न : दिवाळीचा फराळ लडाखमधल्या भाच्याला पाठवायचा आहे. मागच्या वेळी लाडवांचा भुगा झाला आणि करंज्यांना वास आला.
— एक वाचक, सांगली

उत्तर : करंज्यांचं कारण खोबरं. पार्सल आपल्याकडच्या उकाड्यात दोन-चार दिवस पडून राहतं, तेवढ्यात सारण खवट होतं. ओल्या नारळाचं, खव्याचं काही पाठवू नका. बेसनाचे लाडू उष्णतेने आधी बसतात, मग थंडीत तूप गोठून ते फुटतात. तीळगुळाच्या वड्या, शंकरपाळी, कडक भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा हे पदार्थ टिकतात. चिवड्यात खोबऱ्याचे काप घालू नका आणि फोडणीचं तेल नेहमीपेक्षा निम्मं ठेवा.

उंचीवरची एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. तिथे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे आपल्याकडे हवा भरून बंद केलेली पिशवी वर पोचेपर्यंत फुग्यासारखी टम्म होते आणि शिवणीवर फाटते. पिशवीतली हवा हाताने दाबून काढा, मग तोंड बंद करा. चिवडा पिशवीत, पिशवी फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, झाकणावर टेपचे दोन वेढे. बरण्यांमधल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे घट्ट कोंबा. खोका हलवल्यावर आतून आवाज आला तर तो उघडून पुन्हा भरा. पत्ता वर लिहाच, पण एका कागदावर आतही ठेवा, वरचं लेबल भिजलं तर तोच कामाला येतो. लोणच्याचं तेल गळून सगळं पार्सल नासवतं. पॉवर बँक, लायटर, अत्तर, डिओडरंट विमानाच्या टपालात चालत नाहीत आणि त्यांच्यापायी अख्खं पार्सल अडकतं.

आणि भाच्यापुरतं पाठवू नका. त्याच्या सेक्शनमध्ये, म्हणजे छोट्या तुकडीत, साधारण १० जण असतात, डबा सगळ्यांसमोर उघडतो. तीन किलो तरी असू द्या.

प्रश्न : गणेशोत्सवात ‘जवानांना सलाम’ देखावा आहे. स्वयंसेवकांना लष्करी ठिपक्यांचे गणवेश शिवावेत का?
— एक मंडळ, पुणे

उत्तर : नाही. लष्कराचा नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ रोजी, सेनादिनी पहिल्यांदा दिसला. त्याची नक्षी नोंदणीकृत आहे आणि ते कापड बाजारात विकायला मनाई आहे. बंदोबस्ताच्या गर्दीत खरा सैनिक कोणता आणि स्वयंसेवक कोणता, हे पोलिसांना कळलंच पाहिजे. पांढरे सदरे आणि तिरंगी फीत लावा. प्लॅस्टिकचे झेंडे वाटू नका. कागदी वाटलेत तर मिरवणुकीनंतर रस्त्यावरून ते वेचायला चार माणसं नेमा.

प्रश्न : ‘सैन्याच्या शस्त्रांसाठी रोज एक रुपया द्या’ असा व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतोय, सोबत बँक खात्याचा नंबर आहे. आमच्या सोसायटीने ४० हजार जमवलेत. पाठवावेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : त्या मेसेजवरून पाठवू नका. शस्त्रखरेदी देशाच्या अंदाजपत्रकातून होते, त्यासाठी लोकवर्गणी घेतली जात नाही. संरक्षण मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये हा मेसेज दिशाभूल करणारा असल्याचं जाहीर केलं होतं. असे मेसेज एका खऱ्या गोष्टीला खोटी जोडून बनतात. युद्धात कामी आलेल्या आणि अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी सशस्त्र दलांचा कल्याण निधी खरोखर आहे, पण तो शस्त्रांसाठी नाही. त्याच्यासाठी ‘माँ भारती के सपूत’ हे सरकारी संकेतस्थळ ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. पैसे तिथूनच भरा. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा, पुढे आलेल्या लिंकवरून किंवा क्यूआर कोडवरून जाऊ नका.

पैसे कोणासाठी द्यायचेत ते आधी ठरवा, कारण इथेच मोठी गल्लत होते. भूदल, नौदल, हवाई दल संरक्षण मंत्रालयाकडे आहेत. सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी ही निमलष्करी दलं गृह मंत्रालयाकडे. पुलवामाच्या हल्ल्यात १४ फेब्रुवारी २०१९ रोजी गेलेले ४० जण सीआरपीएफचे होते, त्यातले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. त्यांच्यासारख्या कुटुंबांसाठी गृह मंत्रालयाचं ‘भारत के वीर’ हे संकेतस्थळ २०१७ पासून आहे. तिथे एका विशिष्ट जवानाच्या वारसाला थेट देता येतं. एका कुटुंबासाठी १५ लाखांची मर्यादा आहे, ती भरत आली की देणगीदाराला तसं कळवलं जातं, मग रक्कम दुसऱ्या कुटुंबाकडे किंवा सामाईक निधीकडे वळवता येते. सैन्य आणि निमलष्करी दलं दोन्हींना मिळून द्यायचं असेल तर १९६२ पासूनचा राष्ट्रीय संरक्षण निधी आहे. पंतप्रधान त्याच्या समितीचे अध्यक्ष असतात.

जिल्ह्यातल्याच माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या कुटुंबांना उपयोग व्हावा असं वाटत असेल तर ध्वजदिन निधी आहेच. ७ डिसेंबर हा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात रक्कम भरा आणि पावती घ्या. प्राप्तिकरात वजावट हवी असेल तर २ हजारांपेक्षा जास्त रोख देऊ नका, त्यावर वजावट मिळत नाही. नवी करपद्धती निवडलेल्यांना तर ती मुळातच नाही.

प्रश्न : आमच्या गावचा जवान वीरगतीला प्राप्त झाला. अंत्यविधीला २० हजार माणसं आली आणि त्याच्या आईला चितेपर्यंत पोचता आलं नाही. ही सल गावाला आहे. व्यवस्था कशी असायला हवी होती?
— एक सरपंच

उत्तर : निरोप आधी घरच्यांना अधिकृतपणे मिळतो, युनिटकडून किंवा प्रशासनामार्फत. तोपर्यंत नाव, फोटो, स्टेटस काहीही टाकू नये, हे गावाने कायमचं ठरवून ठेवावं. पत्नीला नवऱ्याची बातमी पुतण्याच्या मोबाइलवरून कळणं यासारखं क्रौर्य नाही.

पार्थिव यायला बहुधा एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात चार कामं उरकतात. घरासमोरचा मंडप काढा, त्याने दार अडतं. घर ते मैदान या रस्त्यावर एक बाजू दोरखंडाने रिकामी ठेवा, ती फक्त शववाहिनीसाठी आणि घरच्यांसाठी. पार्थिव घरात आल्यावर निदान अर्धा तास आत फक्त घरची माणसं आणि लष्कराचे जवान, दारात गावातल्या दोन वडीलधाऱ्या बायका. पुढाऱ्यांनाही त्याच दारात थांबवायचं. चितेच्या चौथऱ्याभोवती बांबूंचं कुंपण करा आणि आई, वडील, पत्नी, मुलं यांच्यासाठी कुंपणाच्या आत खुर्च्या मांडा. पाणी, सावली, एक डॉक्टर तिथेच. तुमच्याकडे करायचं राहून गेलं ते हे आतलं कुंपण.

मानवंदनेच्या फैरी कोणत्या दिशेने झाडणार हे तुकडीच्या प्रमुखाला आधी विचारा आणि ती बाजू मोकळी ठेवा. रिकाम्या पुंगळ्या तुकडीला मोजून परत न्यायच्या असतात, आठवण म्हणून पोरांना उचलू देऊ नका. तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याकडे असतो. ध्वज चितेवर जात नाही. तो घडी करून कुटुंबाकडे दिला जातो, त्या क्षणी तरी ध्वनिक्षेपक आणि ड्रोन बंद हवेत.

गावाने वर्गणी काढली असेल तर ती स्टेजवर देऊ नका. पत्नीच्या आणि आईच्या नावे वेगवेगळे धनादेश काढा, घरी जाऊन द्या. एकाच नावावर दिलेल्या रकमेने पुढे घरं फुटतात.

प्रश्न : शेजारचा मुलगा सीमेवर आहे. घरी बायको, दोन लहान मुलं, म्हातारे सासू-सासरे. तणावाच्या बातम्या आल्या की त्यांचं जेवण तुटतं. आम्ही काय करावं?
— एक वाचक, जिल्हा बीड

उत्तर : पहिलं म्हणजे ‘फोन आला का?’ हे विचारणं थांबवा. हालचाल सुरू झाली की फोन आठ-आठ दिवस बंद राहतात, ते ठरवूनच केलेलं असतं. दिवसातून दहा जण विचारतात तेव्हा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणताना त्या बाईचा धीर सुटतो. ‘दळण टाकायला चाललोय, तुमचं देताय का?’ असं विचारा. टीव्ही सारखा लावून ठेवू नये, हे आजोबांना समजावा. त्यांचा मुलगा कुठे आहे हे ना विचारा, ना चावडीवर बोला. रेल्वेतून जाणारे रणगाडे, ताफे यांचे व्हिडिओ तर टाकूच नका.

दुसरं काम कागदाचं. वहीच्या पहिल्या पानावर त्याचा सैन्य क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट, एपीओचा पत्ता आणि युनिटचा फोन लिहून ती वही देवघरात ठेवायला सांगा. घरात कोणी अत्यवस्थ झालं तर रजेसाठी नुसता ‘लवकर ये’ असा फोन उपयोगी पडत नाही. दवाखान्याचं नाव, आजार आणि डॉक्टरांचा शिक्का असलेलं प्रमाणपत्र युनिटला पाठवा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही कळवा. रात्री-बेरात्री तालुक्याला न्यायला गाडी कोणाची, हेही आजच ठरवा.

तिसरं शेत. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल अॅपवरची पिकाची नोंद, मुदतीत झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, मग नुकसानभरपाई आणि खरेदी केंद्र दोन्हींकडे अडतं. अॅपमध्ये फोटो त्याच गटात उभं राहून काढावा लागतो, सीमेवरून ते होणार नाही. पण एका मोबाइलवर अनेक खातेदारांची नोंद करता येते. तुमच्या सोयाबीनची पाहणी कराल त्याच दिवशी सूनबाईंना किंवा आजोबांना सोबत घेऊन त्यांच्या गटात जा. ओटीपी कुणाच्या फोनवर येतो ते आधी बघून घ्या, तो जवानाच्या नंबरवर जात असेल तर काम तिथेच अडतं.

बांधावरून कोणी त्रास देत असेल तर जवानाने कमांडिंग ऑफिसरमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवावं आणि त्याची प्रत सैनिक कल्याण कार्यालयाला द्यावी. कोर्टाची नोटीस आली असेल तर वकिलाला १९२५ चा भारतीय सैनिक दावे कायदा बघायला सांगा. युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत नोकरीवर असलेल्या सैनिकाविरुद्धचं दिवाणी काम त्याखाली थांबवता येतं, पण तो सैनिक आहे आणि कुठल्या परिस्थितीत आहे हे कोर्टाला कोणीतरी सांगावं लागतं. तारखेला घरून कोणीच गेलं नाही तर एकतर्फी निकाल लागण्याची भीती असते. त्या तारखेला आजोबांना मोटारसायकलवर बसवून कोर्टात नेणारं माणूस तुमच्यातूनच निघायला हवं.